दहा लाखांत चार

३ फेब्रुवारी, सोमवार. नांदेड

ऑफिसनं चौदा गावांच्या जनजागृतीचं काम माझ्या गळ्यात घातलं. प्रत्येक सभेनंतर अहवाल भरायचा आहे, त्यात पाच रकाने: गाव, तारीख, उपस्थिती, विषय, शेरा. माझं पाच रकान्यांत कधीच भागत नाही, म्हणून ही वही आणली.

यादीत नववं गाव माझंच आहे, कंधार आणि मुखेडच्या मधलं. साहेब म्हणाले, तुम्ही तिथल्याच, तुमचं लोक ऐकतील. साहेबांवर स्वतःच्या गावात जाऊन काही शिकवायची वेळ आलेली दिसत नाही.

नमुने मागच्या महिन्यात मीच आणले होते. एक आमच्या बौद्ध वस्तीतल्या हापशाचा, एक गावात मारुतीच्या पाराजवळ आड आहे त्याचा. आडाची बाटली पंचायतीच्या शिपायानं, शिवलिंगनं, भरून दिली. आज निकाल हातात आला. आडाच्या पाण्यात फ्लोराइड शून्य पॉइंट सात. हापशाच्या पाण्यात चार पॉइंट सहा. दीडच्या वर असेल तर पिऊ नये, असा नियम आहे. मी यंत्र पुन्हा जुळवून तोच नमुना तीनदा लावला. चार पॉइंट सहा, चार पॉइंट सहा, चार पॉइंट पाच.

म्हणजे मीही अठरा वर्षं तेच पाणी प्यायले. आरशात दात पाहिले. त्यावरचे तपकिरी पट्टे मला लहानपणापासून माहीत आहेत. मिश्री लावता का, असं लोक विचारतात आणि मला राग येतो. नऊ वर्षं जिल्ह्याचं पाणी तपासते आहे आणि स्वतःच्या तोंडाकडे लक्ष गेलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

९ फेब्रुवारी, रविवार. गावी

आबांना आधी सांगायचं ठरवलं होतं. वस्तीत हापशाचा विषय आबांना वगळून निघूच शकत नाही.

चौऱ्याऐंशी साली आबा, म्हणजे माझे वडील लिंबाजी, पंचवीस वर्षांचे होते. तोवर रीत अशी होती की आमच्या लोकांनी आडाच्या खालच्या अंगाला घागरी घेऊन बसायचं आणि गावातल्या कुणाला दया आली तर त्यानं वरून ओतायचं. आबांनी आणि आणखी आठ जणांनी एका सकाळी स्वतः पोहरा सोडला. त्यावर चार महिने बहिष्कार पडला: काम नाही, दुकान नाही, गिरणी नाही. ओढ्यातल्या झिऱ्याचं पाणी पिऊन लोकांनी दिवस काढले. मग अडीच वर्षं कंधारच्या तहसिलीत खेटे घातले, आणि सत्त्याऐंशीच्या चौदा एप्रिलला वस्तीत हापसा आला. पाटीवर नऊ नावं आहेत, त्यातले दोघं उरले. दर जयंतीला हापशाला नवा निळा रंग देतात. आमच्याकडं पोरांना पाढ्यांच्या आधी ही गोष्ट पाठ होते.

मी अहवालाचा कागद पुढं केला. आबांनी तो मांडीवर न ठेवता मला समोर धरायला सांगितला, अगदी डोळ्यांच्या रेषेत. चष्म्याचा नंबर बदलून घ्या, असं मी सांगितलं. त्यांनी आकडा दोनदा वाचला.

"मशीन चुकतं का?"

तीनदा लावलं, मी म्हणाले. मग ते भिंतीकडं तोंड करून बसले. मी निघताना दारातून हाक मारली तरी मान वळवली नाही. पासष्टीला माणूस पोरासोरांसारखा रुसतो.

१६ फेब्रुवारी, रविवार

विहारात पहिली सभा. उपस्थिती बेचाळीस, म्हणजे अहवालात छान दिसेल. भिंतीवर चित्रं दाखवली. गावाखाली ग्रॅनाइटचा खडक आहे, हापशाचं बोअर दोनशे फूट खोल, तिथलं पाणी वर्षानुवर्षं खडकात मुरून त्यातलं फ्लोराइड उचलतं. आड उथळ, म्हणून त्याचं पाणी चांगलं. रंग नाही, वास नाही, चव नाही, उकळून जात नाही. प्रमाण कळावं म्हणून म्हटलं, दहा लाख थेंबांत चार-साडेचार थेंब समजा.

पुढं बसलेल्या नागुबाई म्हणाल्या, "दहा लाखात चार? मंग लई कमी हाय की गं. याहून जास्त भेसळ तं दुधात असती."

सगळे हसले. माझं अर्ध्या तासाचं बोलणं त्या एका वाक्यात वाहून गेलं. पाठीमागचे चार जण तर आधीच डुलक्या घेत होते.

मग मला सुचलं. नागसेनच्या लुंबिनीला पुढं बोलावलं. नागसेन माझा धाकटा भाऊ, लुंबिनी त्याची मुलगी, सात वर्षांची. तिचे पुढचे नवे दात नुकतेच आलेत, त्यावर खडूसारखे पांढरे पट्टे आहेत. मी बोटानं तिचा ओठ वर केला आणि हे बघा म्हणाले. सगळी वस्ती वाकून पाहू लागली. आबा तेवढे दाराजवळच्या खुर्चीवर ताठ बसून होते. नात समोर उभी असताना त्यांनी नजर खाली केली नाही. बाकी हा प्रयोग मात्र चांगला जमला.

२० फेब्रुवारी, गुरुवार. नांदेड

नागसेनचा फोन. लुंबिनी तोंडावर हात धरल्याशिवाय बोलत नाही. शाळेत पोरं तिला फ्लोराइड म्हणून चिडवतात. आधी मनात आलं, चला, शब्द तरी पोचला. मग स्वतःचीच लाज वाटली. नागसेन रागावला नाही, नुसतं म्हणाला, "ताई, तुझे दाखवायचे होते."

हे मला सुचलं कसं नाही? तेच पट्टे माझ्या तोंडात आहेत.

२ मार्च, रविवार. गावी

या वेळी आकडे नाहीत, चित्रं नाहीत. लोकांनी स्वतःच्या अंगावर तपासून पाहावं असं ठरवलं. फ्लोराइड पोटातून हाडांत जातं आणि सांधे आखडतात. ते ओळखायला तीन सोप्या गोष्टी करून बघतात: गुडघे न वाकवता पायाचा अंगठा धरायचा, दोन्ही हात मानेमागं न्यायचे, हनुवटी छातीला टेकवायची.

विहारात नुसता दंगा. बायका एकमेकींना ढकलत वाकल्या, पोरांनी कोलांट्या मारल्या. पण पन्नाशीच्या पुढचे हळूहळू गप्प होत गेले. नागुबाईंचे हात कानापर्यंत गेले आणि तिथंच थांबले. सात जणांची हनुवटी टेकेना. नागुबाई म्हणाल्या, वय झालं. मी म्हटलं, गावातल्या तुमच्या वयाच्या बायका अजून रोपं लावतात. त्यावर कुणी हसलं नाही. पहिल्यांदा वाटलं की माझं बोलणं कुणाच्या तरी आत गेलं.

तेवढ्यात मी आबांना हाक मारली. म्हटलं, आबांनी केलं की सगळे करतील. आबा खुर्चीवरून उठले, काठी घेतली आणि निघून गेले. एवढ्या माणसांत स्वतःच्या बापानं असा अपमान केला. हापसा त्यांचा जीव की प्राण आहे हे मला कळतं. पण विज्ञानाला पाठ दाखवून निघून जायचं, हे ज्यांनी मला चिमणीच्या उजेडात रसायनशास्त्र वाचायला बसवलं त्यांनी करावं?

संध्याकाळी मायला विचारलं, आबा माझ्याशी बोलत का नाहीत. माय त्यांच्या पायात चपला सरकवत राहिली.

१० मार्च, सोमवार

नियम असा आहे की धोक्याचा स्रोत लाल रंगवायचा. नळयोजना मंजूर आहे पण पाइप यायला दीड वर्ष तरी लागेल, आणि पाण्याचे जार परवडतील अशी घरं वस्तीत तीन. तोवर लोकांना निदान दुरून दिसावं. शिवलिंगला घेऊन दुपारी गेले. हरभरा काढायला सगळे रानात होते, वस्ती रिकामी. दोन डबे लागले. शिवलिंगनं दांड्यापासून ओट्यापर्यंत सगळं नीट लाल केलं, पाटीसकट. मी फोटो काढून ऑफिसला पाठवला आणि साडेतीनच्या बसनं परत आले. नियमाप्रमाणं काम झालं.

११ मार्च, मंगळवार



काल रानातून परत आलेल्या लोकांनी हापसा पाहिला. निळा गेला, नावं गेली. गावातल्या कुणीतरी हे केलं असं ठरलं, दुसरं कोण करणार? शिवलिंग भीतीनं पुढंच आला नाही. नागसेनच्या वयाची पंचवीस-तीस पोरं पाराकडं निघाली. तिकडूनही माणसं जमली. सरपंच भागवत दोन्ही जमावांच्या मधे उभा राहिला, आणि कुणीतरी कंधारला फोन केला म्हणून पोलिसांची गाडी आली. कुणाला लागलं नाही. आज सकाळी नागसेननं सांगितलं आणि मी मिळेल त्या गाडीनं गावी आले.

हापशाभोवती सगळे उभे होते. मी सांगितलं, मी केलं. माझ्या ऑफिसचा नियम आहे.  कुणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. नागुबाई तेवढ्या म्हणाल्या, "आपल्याच लेकीनं?" आणि घरात गेल्या.

आबा ओट्याजवळ उभे होते. रॉकेलच्या फडक्यानं पाटीवरचा लाल रंग पुसत होते. पाटी कमरेएवढी आहे, ते खाली न बघता नुसतं चाचपून पुसत होते. मी फडकं घ्यायला गेले तर त्यांनी हात मागं घेतला.

मी चिडले. म्हटलं, आबा, पाणी निळ्या रंगानं चांगलं होत नाही. आता कुणी अडवत नाही. भागवतनं परवाच सांगितलं, आडावर या, भरून न्या. चाळीस वर्षांपूर्वीचं भांडण लुंबिनीच्या हाडांत कशाला भरता?

ते माझ्याकडं सबंध अंगानं वळले. "आडाचा नमुना कोणी काढला?"

मी म्हटलं, शिवलिंगनं.

"हापशाचा?"

"मी."

"तू कामून न्हाई शेंदलंस आडाचं?"

मी सांगायला तोंड उघडलं की त्यात काय, तो जवळ उभा होता, त्याच्या हातात दोर होता. आणि मग आठवलं. चौदा गावांत मी अठ्ठावीस नमुने घेतले. सत्तावीस माझ्या हातानं घेतले. त्या आडाजवळ मी पाच-सहा हात लांब उभी होते आणि बाटली पुढं केली होती. मला कुणी लांब राहा म्हटलं नव्हतं.

१२ मार्च, बुधवार. नांदेड

दिवसभर तेच डोक्यात. माझा जन्म हापसा आल्यानंतरचा. मी तो बहिष्कार पाहिला नाही, त्या आडाची पायरी मी कधी चढले नाही, कारण गरजच पडली नव्हती. मग ते पाच-सहा हात कुठून आले? लोकांना मी सांगत होते, जा आणि पाणी आणा, दोनशे पावलांवर आहे. अंतर मोजायला मीच चुकले होते.

साहेबांनी फोटो पाहून शाबासकी दिली.

२३ मार्च, रविवार. गावी

मायचा निरोप आला म्हणून आले. आबा विहारात गेलेले असताना तिनं मला चुलीजवळ बसवलं आणि बोलली. माझी माय, पारूबाई, एवढं बोललेली मी कधी ऐकली नव्हती.

"सहा वरसं झाली, मान वळत न्हाई त्याची. ना खाली, ना बाजूला. सदऱ्याची गुंडी मी लावती. पायात चप्पल मी घालती. भाकर ताटातली दिसत न्हाई म्हणून ताट पाटावर ठिवती. कुणाला सांगू नको म्हणून आण घातली व्हती मला. तू हनुवटी टेकवा म्हणून हाक मारलीस त्या दिशी घरी यिऊन रडला तो."

 डोळ्यांपुढं धरायला लावलेला कागद. भिंतीकडं तोंड करून बसणं. नातीकडं खाली न बघणं. हे सगळं मी रुसवा म्हणून, हट्ट म्हणून लिहून ठेवलं आहे, मागची पानं उलटली की दिसतं. वस्तीतल्या सात लोकांची हनुवटी टेकली नाही ते मी मोजलं. माझ्या घरातलं आठवं माणूस मला दिसलं नाही.

आबा आल्यावर मी त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, मला बघू द्या. त्यांनी बघू दिलं. हनुवटी आणि छाती यांच्यात चार बोटं अंतर. त्याच्या खाली मान जात नाही. पाठीचा कणा कमरेपर्यंत एकसंध. मी त्यांच्या मानेवर हात ठेवला होता, तो काढावासा वाटेना. शेवटचा कधी ठेवला होता आठवत नाही.

२६ मार्च, बुधवार. नांदेड

आबांना इथं आणून एक्स-रे काढला. मणके एकमेकांना जुळलेत. डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली आणि मला बाहेर बोलावून सांगितलं. मला ते नवीन नव्हतं. आमच्या माहितीपत्रकात असाच एक फोटो आहे, कुणा अनोळखी माणसाचा.

बसस्टँडवर उसाचा रस घेतला. आबा कंधारच्या गाडीकडं बघत होते. म्हणाले, आता खरं सांग. पाणी बदललं तर ही मान सुटंल का?

माहितीपत्रकात लिहिलं आहे की शुद्ध पाण्यानं आराम पडतो. ते वाक्य मीच लिहिलं, साहेबांनी सांगितलं होतं की लोकांना आशा वाटली पाहिजे. चौदा गावांत मी ते वाचून दाखवलं. कुणीही असं सरळ विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, "न्हाई, आबा. दुखणं थोडं कमी होईल. जुळलेलं हाड परत सुटत न्हाई."

"आन् लुंबिनीचं?"

"तिचं हाड अजून बनतंय. यापुढचे दात चांगले येतील. आत्ता बदललं तर तिला कधीच हे होणार नाही."

त्यांनी रसाचा पेला माझ्याकडं दिला. मग म्हणाले, "आसं सांगायचं व्हतंस पहिल्या दिशी. दहा लाखाचा हिशेब कशाला सांगत बसलीस?"

५ एप्रिल, शनिवार. गावी

तिसरी सभा. मी बोलावली नाही, आबांनी बोलावली. विहार भरून बाहेर ओसरीवर लोक उभे. भागवतही आला होता, त्याला खुर्ची दिली तर तो खाली बसला.

आधी मी बोलले, दोनच गोष्टी. रंग लावण्याआधी विचारायला हवं होतं, चूक झाली. आणि लुंबिनीचा ओठ मी धरायला नको होता. मग मी माझे दात दाखवले. लुंबिनी आईच्या मांडीवरून बघत होती. तिच्या तोंडावर हात होता, तो तसाच राहिला.

मग आबा उठले. बुद्धमूर्तीसमोर उभे राहिले, हात जोडले आणि वाकायला गेले. वाकता येईना. दोनदा केलं. सगळ्यांना दिसेल असं, थांबून थांबून. विहारात पंखा फिरल्याचा तेवढा आवाज होता.

"सहा वरसं झाली, मला इथं वंदन करता येत न्हाई," ते म्हणाले. "तुम्हाला वाटलं आसंल, लिंबाजी म्हातारपणी गर्विष्ठ झाला. ह्यो हापशाच्या पाण्यानं झालाय. हापसा मी आणलाय. तवा कुणाला म्हाईत नव्हतं, सरकारलाबी नव्हतं. आता म्हाईत हाय. म्हाईत झाल्यावर पोरांना पाजलं तर ते पाप मपलं."

नागुबाई पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. माझ्या दोन महिन्यांच्या चित्रांनी आणि आकड्यांनी जे झालं नाही ते तीन मिनिटांत झालं, आणि मला आनंद झाला नाही. त्यांनी सहा वर्षं लपवलेलं माझ्या कामासाठी उघडं केलं होतं.

भागवत उठून म्हणाला, तुम्ही कुणी त्रास घेऊ नका, पंचायतीचा टँकर आडावर भरून रोज वस्तीत आणून सोडतो. मनापासून म्हणत होता. मला तर वाटलं, प्रश्न सुटला. आबा म्हणाले, आणून दिलेलं नको. नळ येईपर्यंत आम्ही शेंदून आणू. भागवत त्यांच्याकडं बघत राहिला आणि मग त्यानं मान हलवली. मला वाटतं, त्याला ते माझ्या आधी कळलं.

पोरं म्हणाली, मग जयंतीलाच जाऊ, वाजतगाजत, सगळी वस्ती. आबा नको म्हणाले. "जयंतीला गेलो तं मोर्चा व्हतो. मला पाणी आणायचंय. बुधवारी जाऊ."

९ एप्रिल, बुधवार. गावी

रजा टाकली. सकाळी साडेसातला निघालो. आबा, माय, नागसेन, लुंबिनी आणि मी. आबांनी बाकीच्यांना मागून यायला सांगितलं होतं. मायनं त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या गुंड्या लावल्या.

आडावर गावातल्या चार बायका होत्या. आम्हाला बघून त्या बाजूला सरकल्या. का सरकल्या ते मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. भागवत पाराजवळ उभा होता.

आबांनी काठी माझ्याकडं दिली आणि पोहरा सोडला. चाकावरून दोर सरसर गेला. मग ते ओढू लागले, ताठ उभे राहून, हातावर हात. हात अजून मजबूत आहेत. पोहरा कठड्यापर्यंत आला. आता वाकून तो धरायचा आणि घागरीत ओतायचा. ते वाकू शकत नव्हते. दोन्ही हातांत दोर धरून ते तसेच उभे राहिले, पोहऱ्यातून पाणी परत आडात ठिबकत होतं.

भागवत पटकन पुढं आला. "द्या आबा, मी ओततो," म्हणाला. कुणीही म्हातारा माणूस असता तर तो असाच आला असता, हे मला शपथेवर सांगता येईल.

आणि मी खाली पाहिलं. माय आडाच्या खालच्या अंगाला उकिडवी बसली होती, दोन्ही हातांनी घागर पुढं धरून. तिला कुणी सांगितलं नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा ती जशी बसायची तशी ती बसली होती.

आबांना खाली बघता येत नाही. पण त्यांना कळलं.

"पारू, ऊठ," ते म्हणाले. आवाज अजिबात चढवला नाही. "वर ये."

माय उठली. दोन पायऱ्या चढून कठड्यापाशी आली. भागवत एक पाऊल मागं झाला. आबा मला म्हणाले, "पोरी, तू घे पोहरा."

मी काठी लुंबिनीकडं दिली आणि पायरी चढले. पोहरा धरला. पत्र्याचा साधा पोहरा, एका बाजूला चेपलेला. मी ओतला. मग दोर सोडला आणि दुसरा मीच ओढला, तिसराही. तळहात सोलले, सवय नाही. खाली बघितलं तर पाणी खोल नव्हतं, त्यात आमच्या सगळ्यांची डोकी दिसत होती.

घरी आल्यावर आबांनी पहिला तांब्या लुंबिनीला दिला. तिनं तोंडावरचा हात काढला, दोन्ही हातांनी तांब्या धरला आणि घटाघट प्यायली.

१२ एप्रिल, शनिवार. नांदेड

नागसेनचा फोन: आज आडावर वस्तीतल्या एकोणीस बाया. गर्दीत दोन भांडणं झाली, एक नंबरावरून, एक पोहरा कुणी आडवा ठेवला म्हणून. दोन्हींत दोन्हीकडच्या बाया होत्या. माहितीपत्रकातलं ते आशेचं वाक्य मी काढलं. साहेबांना आवडलं नाही. ते काढलेलंच राहील असं मी त्यांना सांगितलं.

१४ एप्रिल, सोमवार. गावी

जयंती. हापशाची पाटी निळी केली, नऊ नावं पांढऱ्या रंगात नव्यानं काढली. दांडा लालच ठेवायचा असं वस्तीनं ठरवलं. रंग नागसेननं लावला. मी लांबून बघितलं, या वेळी फोटो काढला नाही.

१६ एप्रिल, बुधवार. गावी

आज परत जायचं होतं. दुपारी जेवणं झाली. पाटावरच्या ताटापुढं आबा बसले होते, मायनं आडाच्या पाण्याचा तांब्या जवळ ठेवला होता. त्यांनी तो बाजूला सरकवला आणि मला म्हणाले, मला एक पेला हापशाचं पाणी दे.

मी म्हटलं, आबा.

"एक पेला. रोज जेवल्यावर एक. बाकी दिसभर तुझंच पाणी पितो." मग थोड्या वेळानं म्हणाले, "आम्ही नऊ जणं व्हतो, त्यातली सात हेच पाणी पिऊन गेली. सगळ्यांनी एकदम सोडलं तं बरं दिसत न्हाई."

मला हिशेब येतो. एका पेल्यात एक मिलिग्रॅमही भरत नाही. जे व्हायचं ते होऊन गेलं आहे. तरी ते न पिणं चांगलं, आणि हे सांगणं माझं काम आहे, त्याचा मला पगार मिळतो. माय माझ्याकडं बघत होती. मी पेला घेऊन बाहेर गेले आणि लाल दांड्याला हात घातला. पाणी येईना. पंधरा-वीसदा हापसावं लागलं, कारण आठवडाभर तो कुणी हापसलाच नव्हता.